सात वेढे

आजारी मुलांच्या दवाखान्यात माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे दिवस गेले, हे कुणाला सांगायची सोय नाही. लोक तोंडाकडे बघत राहतात. पण खरं आहे ते. एमबीबीएस झाल्यावर मला बालरोगाला प्रवेश मिळाला, तोही आमच्या नाशकातच, आणि पहिल्या वर्षात त्या इमारतीचा जिना मी कधी सावकाश चढल्याचं मला आठवत नाही. दोन-दोन पायऱ्या टाकत पळतच जायची. हॉस्टेलवरच्या मैत्रिणी म्हणायच्या, हिला ड्युटी लागली की लग्नाला निघाल्यासारखी निघते.

खाली ओपीडी, वर वॉर्ड, त्याच्या वर अतिदक्षता विभाग आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर सेमिनार रूम. एकाच छपराखाली काल जन्मलेलं बाळही आणि मिसरूड फुटू लागलेला पोरगाही. सुरगाण्याहून, पेठहून, मालेगाव-सटाण्याकडून लोक यायचे. हातात गावच्या डॉक्टरची चिठ्ठी, आणि तिच्यात शेवटची ओळ ठरलेली, ‘मोठ्या दवाखान्यात न्यावे’. तो मोठा दवाखाना म्हणजे आम्ही. माझी तर ती ओळ वाचूनच छाती फुगायची. अजून मला शीर सापडता सापडत नव्हती, तो भाग वेगळा.

शिवाय ते कॉलेजही होतं. म्हणजे एकाच पोराचं पोट पाच-सहा विद्यार्थी पाळीपाळीने दाबून बघणार. आयांना पहिल्या दिवशी राग यायचा. तिसऱ्या दिवशी त्याच आया नव्या विद्यार्थ्याला सांगायच्या, ‘डावीकडून बघा सर, पानथरी तिकडं हाय.’

आमच्या युनिटच्या मॅडम ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, साडीवर पांढरा कोट घालणाऱ्या. त्यांचा एक नियम होता. पेशंटबद्दल सांगताना आजाराचं नाव आधी घ्यायचं नाही. ‘मला गोष्ट सांग,’ म्हणायच्या. ‘घरापासून आपल्या दारापर्यंतची. नाव मी शेवटी विचारीन.’ मी पडले उतावळी. गोष्ट सुरू व्हायच्या आधी माझ्या जिभेवर नाव तयार असायचं, आणि ते गिळताना मला घाम फुटायचा.

ज्या बाळाची ही गोष्ट, ते आलं थंडीतल्या एका सोमवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. सिन्नर तालुक्यातल्या एका खेड्यातून भाड्याची जीप करून आलेलं कुटुंब. आधी आजी उतरली, तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, डाव्या खांद्याला कापडी पिशवी. मग कानाला रुमाल बांधलेली बाळंतीण, तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं अडतीस दिवसांचं बाळ. शेवटी बाळाचा बाप, हाडापेराने मजबूत, पँटीला गुडघ्यापर्यंत कांद्याच्या वावरातली माती.

‘पोरगं उठंना ताई,’ आजी म्हणाली. ‘काल दुपारपासून निस्तं झोपतंय. दूध ओढत नाय, रडत नाय. एरवी गल्ली डोक्यावर घ्यायचं.’

मी दुपटं सोडलं. गुटगुटीत बाळ होतं, गालाला काजळाची तीट. तळपायाला टिचकी मारली. धडधाकट बाळ अशा टिचकीला बोंब ठोकतं. याने पाय किंचित आखडला आणि पुन्हा ढिला सोडला. ताप नव्हता. टाळू फुगलेली नव्हती, खोलही गेलेली नव्हती. ओठ कोरडे होते आणि छातीत ठोके घोडा दौडावा तसे. मी नळी कानाला लावून ऐकत होते तेवढ्यात श्वास थांबला. मी मनात मोजलं, एक, दोन, तीन, पाच, आठ. टिचकी मारली. श्वास पुन्हा सुरू झाला. मग मात्र मी बाळाला उचललं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने अतिदक्षता विभागाकडे पळत सुटले. मागे बाळाची आई, तिच्यामागे आजी.

पुढच्या एक-दोन दिवसांत दोहोंपैकी एक होणार होतं. हे बाळ जागं होणार, नाहीतर आणखी खोल जाऊन श्वास घ्यायचंच विसरणार. व्हेंटिलेटर उशाशी आणून ठेवला होता. बाळाची आई काचेबाहेर उभी राहून एकच विचारत होती, ‘जागं व्हईल ना?’ मी ‘होईल, होईल’ म्हणत होते, आणि ते कसं होणार हे मला अजिबात माहीत नव्हतं.

आता इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. मुलांच्या दवाखान्यात माहिती घ्यायची ती आईकडून. आई नसेल तर आजीकडून. अतिदक्षता विभागाशेजारच्या खोलीत आया अंगावर पाजत बसलेल्या असतात, म्हणून पुरुषांना त्या दाराच्या आत मज्जाव. सिस्टर इन्चार्ज या नियमाच्या बाबतीत मंत्र्यालाही जुमानल्या नसत्या. त्यामुळे बापांनी काय करायचं, तर जिन्यावर बसायचं आणि हाक आली की पळायचं. ‘सिन्नरचं बाळ! बाप कोण?’ की हा उठायचा, रक्ताच्या बाटल्या घेऊन लॅबकडे जायचा, औषधं आणायचा, पुन्हा पायरीवर बसायचा. सकाळपासून तो माझ्यासमोर सात-आठ वेळा येऊन गेला असेल. मी त्याला एक शब्द विचारला नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा चेहराही नीट आठवला नसता.

मी आईला सगळं विचारलं. ताप? उलटी? पडलं का? झटका? ‘काही औषध दिलं का?’

‘नाय ताई. औषध कशाचं? अंगावरचं दूध तेवढं.’

आजीनेही मान हलवली. ‘औषधाचा थेंब नाय.’

‘नात्यात लग्न झालंय का?’

‘व्हय,’ बाळाची आई आजीकडे बोट दाखवून म्हणाली. ‘ह्या माझ्या सख्ख्या आत्याच हायेत.’

झालं! माझ्या डोक्यात दिवाळीच सुरू झाली. कारण आदल्याच दिवशी, रविवारी, मी जन्मजात चयापचयाच्या आजारांवरचा अख्खा धडा वाचून काढला होता. आते-मामे भावंडांचं लग्न, महिन्याभराचं बाळ, ताप नाही आणि गुंगी वाढत चाललेली. धड्यातलं पानच उठून माझ्यासमोर आलं होतं. हजारांत एखाद्याला होणारा आजार, आणि तो मला, पहिल्या वर्षाच्या मुलीला, सापडला! बाळ निपचित पडलंय आणि आपल्याला आनंद होतोय, याची लाज वाटायला हवी होती. तेव्हा नाही वाटली. मी केसपेपरवर मोठ्या अक्षरांत ते लांबलचक नाव लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

बाकीचं सगळं रीतसर केलं. जंतुसंसर्ग असला तर वेळ जायला नको म्हणून अँटिबायोटिक लगेच सुरू केलं. पाठीतलं पाणी काढलं. पहिल्याच टोचण्यात सुई नेमकी बसली आणि पाणी आलं ते विहिरीच्या पाण्यासारखं नितळ. म्हणजे मेंदूज्वर नसावा. साखर ठीक, रक्त ठीक. प्रत्येक चांगल्या रिपोर्टागणिक माझा आजार पक्का होत चालला होता.

दुपारी दोनला मॅडमचा राउंड आला. मागे विद्यार्थ्यांचा ताफा. मॅडमनी केसपेपर हातात घेतला, माझं ते दोन रेघांचं नाव वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं.

‘हे बाळ सिन्नरला जन्मलंय की तुझ्या पुस्तकात?’

विद्यार्थी हसले. माझे कान तापले.

‘गोष्ट सांग.’

मी सांगितली. मॅडमनी ऐकली, बाळाला तपासलं, ओठांवरून बोट फिरवलं, डोळ्यांच्या बाहुल्यांवर टॉर्च मारला. मग विचारलं, ‘याला आंघोळ कोण घालतं?’

‘आंघोळ?’

‘आजीचा हात प्लास्टरमध्ये आहे. आई ओली बाळंतीण, तिला हे लोक पाण्यात हात घालू देणार नाहीत. मग आंघोळ कोण घालतं?’

मला माहीत नव्हतं.

‘म्हणजे तुझी गोष्ट अर्धी आहे,’ मॅडम म्हणाल्या. ‘तुझ्या आजाराचं रक्त मुंबईला पाठवायचं ते पाठव, चूक नाही त्यात. पण उरलेली अर्धी मला तासाभरात आणून दे.’

मी पाय आपटत बाहेर पडले. आंघोळीचा आणि बेशुद्धीचा काय संबंध! म्हटलं, यांना माझं निदान बघवत नाही. इतका राग आला होता की आधी ते मुंबईचं रक्त रवाना करायचं आणि मगच आंघोळीचं बघायचं, असं मी ठरवून टाकलं. बर्फाच्या डब्यात बाटली ठेवली आणि जिन्याकडे गेले. ‘सिन्नरचं बाळ! बाप कोण?’

तो उठला. मी म्हटलं, ‘दादा, हे कुरिअरला द्यायचंय.’ त्याने डबा घ्यायला हात पुढे केला आणि मी तिथेच थबकले.

आमचं घर फुलवाल्यांचं. गंगापूर रोडने धरणाकडे जाताना आत आमचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. माल आजचा की कालचा हे गोणीचं तोंड न सोडता वासावरून सांगायला मी आठव्या वर्षी शिकले. त्यामुळे जिन्यात फिनेलचा घमघमाट सुटलेला असूनही मला त्याच्या हाताचा वास स्पष्ट आला. जायफळ! आणि त्याच्या मागून वेखंडाचा उग्र वास. वहिनीच्या बाळंतपणात आमच्या घरात महिनाभर हाच वास भरून राहिला होता. पण तो वहिनीच्या खोलीला होता, आईच्या हाताला होता. कांदा लावणाऱ्या पुरुषाच्या हाताला जायफळाचा वास कशाला येईल?

‘दादा, तुम्ही गुटी उगाळता?’

त्याने चटकन हात मागे घेतला. सकाळपासून पहिल्यांदा मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. पंचविशीतला असेल. चोरी पकडल्यासारखा लाजला होता.

‘आई गोठ्यात घसरून पडली ना, पाच दिस झाले. हिला आई गार पाण्यात हात घालू देत नाय. मग करायचं कुणी? मीच करतो. आंघोळबी मीच घालतो, पायावर घेऊन.’ मग हळूच म्हणाला, ‘गावात सांगत नाय कुणाला. पोरं हसत्यात.’

‘पण मी औषधाचं विचारलं तर आजी नाही म्हणाल्या!’

‘गुटी व्हय? ती काय औषध हाय का, ताई? रोजचीच हाय ती.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी मुंबईला निघाले होते, आणि उत्तर सकाळपासून माझ्याच बाटल्या वाहत होतं.

‘जायफळ किती घालता?’

‘सात वेढे.’ तो ताठ उभा राहिला. ‘बाकी समद्याचे दोन-दोन, जायफळाचे सात. पोरगं लय रडायचं म्हणून. आईनं सांगितलं तेवढेच, मोजून. एकबी जास्त नाय ताई, देवाशपथ. आज सकाळी बी दिली, वेखंडाचे दोन वेढे वाढवून, म्हटलं जाग येईल.’

मी डबा त्याच्याच हातात ठेवून पळाले. मुंबईचं ते रक्त संध्याकाळपर्यंत त्याच्यापाशीच होतं, हे मला नंतर कळलं.

मॅडम चहा पीत होत्या. मी धापा टाकत सगळं एका दमात सांगून टाकलं. आजी आणि तो मागोमाग वर आलेच होते. मॅडमनी कप खाली ठेवला. जायफळाने लहान बाळाला गुंगी येते, ओठ सुकतात, छाती धडधडते, सगळं जुळत होतं. अडलं ते आकड्यावर.

‘सात वेढे म्हणजे काय फार नाही,’ मॅडम म्हणाल्या. वेढा म्हणजे ओल्या सहाणेवर जायफळ एकदा गोल फिरवायचं. मॅडमच्या स्वतःच्या आईनेही नातवंडांना गुटी दिलेली होती, त्यांना ते ठाऊक होतं.

‘ह्यो बी सातावरच वाढला,’ आजी मुलाकडे बघून म्हणाली. ‘ह्याच्या दोन बहिणी बी. आमच्यात सातच चालत्यात. कुणाला कधी काय झालं नाय.’

माझा दुसरा आजारही हातचा जातो की काय, असं मला वाटायला लागलं. मॅडम मात्र आजीच्या खांद्याकडे बघत होत्या.

‘आजी, पिशवीत काय आहे?’

पिशवीत काय नव्हतं! दवाखान्यात किती दिवस जातील कोण जाणे, गुटीत खंड पडायला नको, म्हणून आजीने सहाणेसकट सगळा संसार बरोबर आणला होता. मुरडशेंग, हिरडा, बेहडा, हळकुंड, वेखंड, एका बाजूने झिजलेलं जायफळ.

सेमिनार रूममध्ये त्या दिवशी कसलासा वर्ग होता, तो रद्द झाला. पुढच्या टेबलावर सहाण मांडली. पाहता पाहता बातमी पसरली आणि विद्यार्थी खुर्च्यांवर चढून उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, ‘आजी, तुमचे सात वेढे दाखवा.’

‘उजवा तर बांधलेला हाय.’

‘डाव्याने. फक्त जोर नेहमीएवढाच लावा.’

आजीने सहाणेवर पाण्याचे दोन थेंब टाकले. जायफळ दोन बोटांत धरलं आणि फिरवलं. सहाणेला गुदगुल्या कराव्यात इतका हलका हात. ओठ हलत होते, एक, दोन, तीन. सात झाल्यावर पाणी जेमतेम गढूळ झालं होतं. ‘उजव्यानं बी एवढंच येतं,’ आजी म्हणाली. मॅडमनी ते पाणी चमच्यात निपटून घेतलं.

‘आता तुम्ही, बाबा.’

तो पुढे झाला. एवढ्या पोरींसमोर गुटी उगाळायची म्हणून आधी लाजला. मग डाव्या हाताने सहाण घट्ट धरली, जायफळ मुठीत घेतलं आणि फिरवलं. घर्रर्र! मागच्या रांगेपर्यंत आवाज गेला. विळा परजावा तसा हात चालत होता. एक वेढा झाला आणि सहाणेवर तपकिरी रेघ उमटली. दुसऱ्याला ती जाड झाली. सातव्याला सहाणेवर गंधासारखा दाट लगदा साचला होता. मोजणी बिनचूक होती. सातच.

दोन चमचे शेजारी शेजारी ठेवले. एकात गढूळ पाणी, दुसऱ्यात लगदा. सांगायला काही उरलंच नव्हतं. खोलीत एकच गलका झाला. कुणी टाळ्या वाजवल्या. कुणी फोटो काढले. मी तर अक्षरशः उडी मारली. त्याच्या मुठीतलं बळ कुणी मोजलंच नव्हतं, सगळ्यांनी वेढे मोजले होते! मॅडमनी विषबाधेची माहिती देणाऱ्या केंद्राला फोन लावला. तिकडून सांगितलं, जायफळाला उतारा नाही. सलाइन द्या, श्वास सांभाळा, अंगातून निघून जाईपर्यंत थांबा. एखादा दिवस, कदाचित दोन. श्वास सांभाळला तर बाळ पूर्ण बरं होईल.

‘ऐकलंत का, बरं होणार बाळ!’ मी ओरडले. मॅडमनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं.

‘तुला निदान सापडलं,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘त्याला काय सापडलं, ते बघ जरा.’

मी वळून बघितलं. तो टेबलापाशीच उभा होता. माखलेले हात अंगापासून लांब धरलेले. पुसायला कुणी कापड दिलं नव्हतं आणि त्याने मागितलंही नव्हतं. दोन्ही चमच्यांकडे आळीपाळीने बघत होता. आजी त्याच्या पाठीवर तिचा चांगला हात फिरवत काहीतरी बोलत होती. ते त्याला ऐकू जात नसावं. मग तो खाली मान घालून निघून गेला. त्या क्षणी मला माझी जी शरम वाटली, ती अजून आठवते.

मॅडम आजीकडे वळल्या. ‘आजी, आता सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी बंद.’

‘बंद? पोट धरलं मंग?’

‘मग इथे आणा. माझ्याकडे.’

आजी तरीही हळकुंडापुरती तरी सवलत मिळते का, म्हणून पाच मिनिटं भांडली. त्या सगळ्या दिवसात मॅडमशी भांडण्यात कुणी टिकलं असेल तर तीच.

त्या संध्याकाळी आमचा दवाखाना किती मोठा आहे ते मला कळलं. मशीन होतीच, श्वास थांबला की ती ओरडायची. पण विद्यार्थ्यांनी आपणहून पाळ्या लावून घेतल्या. एकेक जण बाळाच्या पायाशी बसायचा, डोळे छातीवर, बोट तळपायापाशी तयार. श्वास थांबला की मशीन ओरडायच्या आत टिचकी. माणसं बदलत होती, टिचकी चुकत नव्हती. आईचं दूध काढून नळीने थेंबाथेंबाने देत होतो. दोन टिचक्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं आणि ते आम्ही भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवत होतो, क्रिकेटच्या धावा लिहाव्यात तसं.

बाप वर आला नाही. मी शोधत खाली गेले. पार्किंगजवळच्या नळावर तो हात धूत होता. साबणाची वडी झिजून नखाएवढी उरली होती.

‘दादा, तुमची चूक नाही,’ मी म्हटलं. ‘तुम्ही सांगितलं तेवढंच केलंत. आम्हीच तुम्हाला सकाळी विचारायला हवं होतं.’

‘हात तर माझाच ना, ताई.’ त्याने नळ बंद केला नाही. ‘आईच्या बोटात आता जोर नाय. मी तिच्यापेक्षा चांगली उगाळतो, असं मला वाटायचं. मनात खूश व्हायचो मी. म्हणायचो, कशी दाट झाली बघ.’

मी नळ बंद केला आणि त्याला वर चला म्हटलं. तो आला नाही.

मंगळवारी सकाळी बाळाने पाय नीट आखडला. दहाच्या सुमाराला टिचकी मारणाऱ्या विद्यार्थिनीने मला हाक मारली, कारण बाळाने कपाळाला आठी घातली होती. साडेअकराला त्याने एक डोळा उघडला, आमचे चार-पाच चेहरे बघितले, आणि त्याला ते आवडले नसावेत, कारण पुन्हा मिटून घेतला. आम्ही खाटेभोवती गोळा झालो. ओठ थरथरले. तोंड उघडलं, आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. आणि मग जो टाहो फुटला! शेजारच्या खोलीतल्या आया पदर सावरत दारात आल्या. ‘उठलं, सिन्नरचं उठलं!’ असा पुकारा झाला. कडक सिस्टर इन्चार्ज पाठ फिरवून डोळे टिपत होत्या आणि आम्हाला मात्र, ‘गर्दी कमी करा, गर्दी कमी करा,’ म्हणत होत्या. मी त्या विद्यार्थिनीला मिठी मारली. तिचं नावही मला तेव्हा माहीत नव्हतं.

बाळाला आईच्या कुशीत दिलं. त्याने क्षणभर हुंगलं आणि तोंड लावून ओढायला लागलं, घटाघटा. बाळाची आई हसत होती आणि तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. पोट भरल्यावर त्याला पुन्हा रडायची आठवण झाली. दोन दिवसांची बाकी होती ना!

‘ताई,’ बाळाची आई मला म्हणाली, ‘ह्यांना बोलवा की.’

मी सिस्टरांकडे बघितलं. त्यांनी छताकडे बघितलं. ‘पाच मिनिटं,’ म्हणाल्या. ‘चपला बाहेर. आणि मी काही बघितलेलं नाही.’ लगेच आयांना हाळी दिली, ‘पदर सांभाळा गं, पुरुष माणूस येतंय.’

मी जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरले. तो नळापाशीच होता. ‘रडतोय!’ मी लांबूनच ओरडले. ‘दादा, रडतोय तो!’ तो माझ्या पुढे पळाला.

दारात मात्र थांबला. आवाज तिथवर येत होता. आत आला तो दोन्ही हात पाठीमागे बांधून, आणि खाटेपासून चार हात लांब उभा राहिला. बाळ तांबडंलाल होऊन किंचाळत होतं. तो नुसता बघत होता.

‘घ्या,’ बाळाची आई म्हणाली.

तो हलला नाही. ‘नको,’ म्हणाला. ‘तूच घे. माझा हात नको लावायला.’

आजी बोलायला गेली, सिस्टरांनी तिला डोळ्यांनी अडवलं. बाळाची आई त्याच्याकडे बघत राहिली. मग ती जराशी चिडूनच म्हणाली, ‘अहो, काल सकाळपासून बसून माझी पाठ मोडली. हा कुणाला ऐकत नाय, तुमच्याच पायावर गप ऱ्हातो. घ्या म्हणते ना.’

आणि तो काही म्हणायच्या आत तिने बाळ उचलून त्याच्या छातीशी दिलं. त्याला हात पुढे करावेच लागले. साबणाने पांढरे पडलेले, सुरकुतलेले ते हात. मग एक मानेखाली गेला, एक पाठीखाली. एवढ्याशा बाळाला सरावलेली बाईसुद्धा इतकं नीट धरणार नाही. बाळ थांबलं नाही. उलट त्याने आवाज वाढवला. एक आई सवयीने खुळखुळा घेऊन पुढे आली.

त्याने मान हलवून तिला थांबवलं. बाळाच्या तोंडापाशी तोंड नेलं.

‘रड राजा, रड,’ तो म्हणाला. ‘पायजे तेवढं रड.’